डावीकडचा कार्ब्युरेटर

मंगळवार, ५ नोव्हेंबर १९४६

आली परत! दवाखान्याची मोटारसायकल पुन्हा गनीभाईंच्या कारखान्याच्या दारात. मोझेस कंपाउंडर राहुरीच्या रस्त्यावरून ढकलत घेऊन आले, घामानं निथळत. म्हणाले, "शांतवन, काल बाळंतिणीकडं जाताना मधेच बसली बघ. नर्सबाई पायी गेल्या. एकदाचं काय ते नीट कर बाबा!"

काय नीट करू? सगळं करून झालंय. लढाईतली जर्मन गाडी, लिलावात घेतलेली. दोन सिलिंडर दोन बाजूंना बैलाच्या शिंगांसारखे बाहेर आलेले, आणि प्रत्येकाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा आपापला कार्ब्युरेटर. दोघांनी सारखी हवा ओढली तर पोटातलं पाणी हलत नाही. एक पुढं धावला की दुसरा नुसता ओझं होतो. इथं डावा पुढं धावतो. मी दर वेळी सारखे लावून देतो, आणि दर वेळी हा डावाच!

अंग मोडून आलंय. निजतो.

बुधवार, ६ नोव्हेंबर

दोन्ही कार्ब्युरेटर उतरवले. रेशनचं पेट्रोल, त्यात कुणी कुणी रॉकेल मिसळतं, तळाशी सगळा चिकटा. पेट्रोल सोडणारे बारीक भोकांचे जेट भिजवून ठेवले, मग हवेच्या पंपानं फुंकले. तार घातली नाही — भोक मोठं झालं की जेट कामातून गेला. डाव्याचा एकेक तुकडा उन्हात धरून पाहिला. दोष सापडेल तर शपथ!

बसवून झाल्यावर माझी नेहमीची पद्धत. कंपाउंडरांनी दिलेल्या दवाखान्यातल्या जुन्या रबरी नळ्या — एक डाव्या कानात, एक उजव्या कानात. पलीकडची टोकं आपापल्या बाजूच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बांधायची, इंजिन हळू सोडायचं, आणि आत शिरणाऱ्या हवेची सूं-सूं ऐकत हवा कमीजास्त करणारा स्क्रू फिरवायचा. दोन्ही कानांत सारखी झाली की काम फत्ते. वाळवंटात फौजेच्या वर्कशॉपात असताना मीच ही युक्ती काढली. साहेब लोकसुद्धा बघायला यायचे.

गनीभाई रस्त्यावर थांबणाऱ्या ट्रकवाल्यांना सांगत होते, "आमच्या शांतवनचा कान म्हंजे कान हाय! इंजिनाला सर्दी झाली तरी त्याला कळतं." याच कानावर माझी भाकर आहे. नाहीतर पंक्चर काढणारे शंभर मिळतात.

अगदी सारखे लावलेत. सुताचाही फरक नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

फरक आहे!! पुलापलीकडं जाऊन आलो. गाडी थरथरते, हँडल हातात राहत नाही. डावीकडचा धुराचा नळ चटका देतो आणि उजव्यावर खुशाल हात ठेवावा.

गनीभाईंनी दोन्ही नळांना हात लावून पाहिला आणि पंक्चर काढायला बसले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी मार्थानं विचारलं, "बरं न्हाई का वाटत?" मी म्हटलं, दमलोय. खोटं नव्हतं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दुपारी वैतागून कानांतल्या नळ्या उपटल्या. पुन्हा घालताना अदलाबदल झाली. डाव्या कार्ब्युरेटरची नळी उजव्या कानात, उजव्याची डाव्या. इंजिन चालूच होतं. स्क्रूला मी हात लावला नव्हता. आणि उजवा कार्ब्युरेटर एकदम बारीक बोलायला लागला!

नळ्या परत बदलल्या. आता पुन्हा दोन्ही सारखे. पुन्हा बदलल्या. पुन्हा उजवा.

कुठलीही नळी असो, डाव्या कानात गेली की आवाज बारीक, उजव्या कानात गेली की मोठा.

म्हणजे मीच डावा जास्त उघडत होतो. माझ्या कानाला सारखं वाटेपर्यंत उघडत होतो! बिचाऱ्या गाडीला इतक्या शिव्या घातल्या, आणि दोष माझ्या डोक्यात, एका बाजूला.

तोफांनंतर त्या कानात किती तरी दिवस शिट्टी वाजायची. ती थांबली तेव्हा मला वाटलं, चला, कान बरा झाला.

भीती वाटते. दुसरं काही लिहवत नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आज एकच नळी, उजव्या कानात. आधी एक कार्ब्युरेटर, मग दुसरा, परत पहिला. आवाज ध्यानात धरून ठेवायचा. फार वेळ गेला, पण जमलं. धुराचे दोन्ही नळ सारखे तापले. गाडी अशी गेली की मोझेस कंपाउंडर निरोप घ्यायलाही थांबले नाहीत.

गनीभाईंनी विचारलं, "आज एकच नळी रे?"

सांगून टाकलं. लपवायचं त्राण नव्हतं. म्हटलं, आता दुसरा माणूस बघा. त्यांनी पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, "दुसरा कान धड हाय ना? मग तो जप. आजपासनं ठोकाठोकी माझी. हातोडा पडतो तिथं तू उभं राह्याचं न्हाई." झालं. वर चहा मागवला. मी भिंतीकडं तोंड करून हात धुवत बसलो, उगाच.

मार्थाला मात्र सांगायचं नाही. मी लढाईवरून आलो तेव्हा उपकारस्तुतीला चर्चमध्ये उभी राहून, भर मंडळीत ती म्हणाली होती, "देवानं माझा मानूस जसा नेला तसाच माघारी दिला." अजून रोजच्या प्रार्थनेत तेच म्हणते. तिचं एवढं एक सुख. ते मी कसं मोडू? जन्मभर गप्प बसेन.

रविवार, १० नोव्हेंबर

राहवलं नाही. सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही. म्हणाली, "ठावं हाय मला."

गेल्या उन्हाळ्यात तिनं चांगली चूल मोडून पलीकडच्या भिंतीला नवी घातली. मी किती तणतणलो होतो! धूर होतो म्हणाली होती.

"धूर कसला! तुमी बसता तिथनं उजवा कान माझ्याकडं येतो."