वाकड्या दस्त्याची बंदूक

प्रिय डेन्झिल,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. लव्हॉन दर वेळी सांगते, "बरे आहेत, जरा पडलेत." तुझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण तो विषय आत्ता नको. इकडे हिकरीच्या झाडांची पानं पिवळीधमक झाली आहेत, खारी फांद्यांवर नुसता धुडगूस घालतायत, आणि मी लिलावात एक बंदूक घेतली. तिच्यापायी माझं सगळं घर गेले काही आठवडे तेलानं माखलंय. तेच सांगायचंय तुला.

डॉक्टर टीटर गेले ते तुला कळलंच असेल. त्यांच्या मुलीनं, इमोजीननं, घरातलं सगळं अंगणात मांडून लिलाव केला. मी गेले होते मुरंब्याच्या बरण्यांसाठी. बरण्या गेल्या दुसऱ्याच बाईला. मग लिलाववाल्यानं कोंबड्यांच्या खुराड्यातून काढलेली एक बंदूक वर धरली. गंजानं नळी तांबडी झालेली, मानेपाशी दस्ता तडकलेला, आणि तो दस्ता असा वाकडा की तो म्हणाला, "मंडळी, कोपऱ्याआडची खार मारायची असेल तर हीच घ्या!" सगळे खो खो हसले. माझ्या शेजारी क्लीटस हिंकल उभा होता, गावच्या बंदुका दुरुस्त करतो म्हणून तोरा किती! मी नुसती पुढे होऊन बघायला लागले, तर म्हणतो, "ऑर्फा, मटाराच्या वेलाला काठी हवी होती तर माझ्याकडे मागायचीस." झालं. माझा हात वर गेला. दुसऱ्या कुणाचाच गेला नाही.

होबार्ट गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून त्याची गवतकापणी यंत्रं दुरुस्त करायची खोली मी फक्त झाडत होते. त्या दिवशी बऱ्याच काळानं तिथला दिवा लावला. बंदूक उघडली. टोला देणाऱ्या सुईचं भोक मधोमध नव्हतं, कडेला होतं. म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेवर टोला बसणारी, आपण लहानपणी वापरायचो त्याच जातीची. नळीतून शिशाची गोळी ढकलून मापली, तर आपलंच ते नेहमीचं बारकं बावीसचं माप. काडतुसं अजून कुठल्याही दुकानात मिळतात म्हटल्यावर मी एकटीच टाळी वाजवली. नाव-गाव मात्र गंजाखाली काहीच उरलं नव्हतं.

मग नेली क्लीटसकडे. एवढी मान तुकवली मी, बघ. त्यानं ती आडवी-उभी धरली आणि म्हणाला, "खुराड्यातल्या ओलीनं लाकूड पिळवटलंय. हा दस्ता चुलीत घाल. माझ्याकडे एक सरळ पडलाय, तो बसवून देतो." मी हो म्हणणारच होते. पण घरी येऊन दस्ता सोडवताना हात थांबले. ओलीनं वाकलेलं लाकूड कुठेतरी उकलतं, फाटतं. हे वळण कसं गुळगुळीत, नदी वळावी तसं. मागची लोखंडी पट्टी त्या वळणावर नखभरही फट न सोडता बसवलेली. हाताच्या पकडीसाठी कोरलेली नक्षी दोन्ही बाजूंना अगदी बरोबर. मग मी पलंगाच्या खोलीतल्या आरशासमोर उभी राहिले, बंदूक उजव्या खांद्याला लावली, गाल टेकवला. नळी माझ्या उजव्या डोळ्यासमोर आलीच नाही. ती येऊन थांबली डाव्या डोळ्यासमोर, तीरासारखी सरळ.

मी तशीच इमोजीनला फोन केला. ती म्हणाली, "अगं बाई, ती आजोबांची! त्यांच्या उजव्या डोळ्यात काचेचा तुकडा गेला होता ना तरुणपणी. डाव्या खांद्यावरून मारायला जमेना, हात परके वाटायचे म्हणे. मग आजीनं मागे लागून लागून त्यांच्यासाठी तसा दस्ता घडवून घेतला. अहो, म्हातारे होईस्तोवर आमच्या ताटात खारीचा रस्सा त्यांच्याच कृपेनं असायचा!" डेन्झिल, फोन ठेवला आणि मी खुर्चीवर बसूनच राहिले. कॉफी गार झाली तरी भान नव्हतं.

त्यानंतर मात्र मी तिला सोडली नाही. तडकलेल्या मानेत सरस भरला, आत पितळी खिळा घातला, दोरीनं आवळून ठेवली. सुई झिजून बोथट झाली होती, नवी कानशीनं घासून बनवली. पहिली आखूड झाली, दुसरी मोडली, तिसरी बसली. कुणीतरी वर्षानुवर्षं रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून नळीच्या मागच्या तोंडाची कड चेपली होती, त्यामुळे काडतूस आतच जाईना. त्यासाठी निमुळतं पोलाद घासून तयार करावं लागलं, आणि ते मला क्लीटसच्या यंत्रावरच करता आलं. त्यानं माझ्या तोंडून सगळं ऐकलं, दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि बंदूक खांद्याला लावून बघितली. मग म्हणाला, "चुलीत घाल म्हणालो होतो, नाही का? बरं झालं तू माझं कधीच ऐकत नाहीस." नंतर कड दाबून काढायला तासन्‌तास माझ्याबरोबर राबला. माणूस वाईट नाही रे, फक्त तोंड फार.

आणि गेल्या शनिवारी अग्निशमन दलाच्या पटांगणात नेमबाजी होती. बक्षीस नेहमीचंच, धुरावलेलं डुकराचं तंगडं. मी चष्म्याच्या उजव्या काचेवर काळी चिकटपट्टी लावून उभी राहिले. पोरं ओरडली, "आजी, समुद्री चाच्या झालात की काय?" मी म्हटलं, "गप रे, तुझ्या आईला मी शाळेच्या बसमधून उतरवलं होतं दंगा केला म्हणून." पहिली गोळी जरा खाली गेली. मग मी श्वास सोडला, गाल त्या वळणावर नीट टेकवला, आणि पुढच्या सगळ्या गोळ्या एकमेकींच्या मागोमाग काळ्या ठिपक्यात गेल्या. कागद आणला तेव्हा मधोमध एकच फाटकं भोक होतं. क्लीटस दुसरा आला. त्यानं टोपी काढून हवेत भिरकावली आणि इतक्या मोठ्यानं ओरडला की चर्चचं कुत्रं भुंकायला लागलं. साऱ्या पटांगणानं टाळ्या वाजवल्या. मी, डेन्झिल! मी, जिला आयुष्यभर तुझ्यामागे दुसरं येणंसुद्धा कधी जमलं नाही!

आता ज्यासाठी लिहिलं ते. लाकडाच्या गिरणीत साखळी तुटली आणि तुझा उजवा डोळा गेला, ती वसंतातली गोष्ट. तू डाव्या खांद्यावरून एकदा मारून बघितलंस, बंदूक गोठ्याच्या भिंतीवर आपटलीस आणि नंतर घराबाहेर पडला नाहीस, हे लव्हॉननं मला रडत रडत सांगितलंय. तिच्यावर रागावू नकोस. काळी पट्टी मी गंमत म्हणून लावली नव्हती. तुला देण्याआधी मला खात्री करून घ्यायची होती. ही बंदूक तुझी आहे. दस्त्याची लांबी तुझ्या हाताच्या मापानं आधीच बेतून ठेवली आहे, कारण तुझा हात मला माझ्या हाताइतकाच ठाऊक आहे. रविवारी प्रार्थना संपली की मी ती घेऊन येते. तू दार उघडलं नाहीस तर अंगणात उभी राहून तुझ्या धुराड्यावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा पाडीन, आणि आता तो मला पाडता येतो. पुढच्या नेमबाजीसाठी तुझं नाव मी देऊन आले आहे. माझ्या नावाच्या बरोबर खाली.

तुला एकदा तरी हरवायचंच म्हणून टपून बसलेली,
तुझीच थोरली बहीण,
ऑर्फा