अम्मीच्या हातचे डॉल्फिन

जुबैल, गुरुवार

आदरणीय बिलकिसखाला यांना लाइबाचा अस्सलामु अलैकुम.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही बांधता, की तो अजून दाराच्या कडीलाच लटकलेला आहे? इकडे सगळे खुशाल. अब्बांची साखर होती तेवढीच आहे. शारीक दहावीचा अभ्यास हवा त्याच्या निम्मा करतो आणि विचारलं की "आय नो, आय नो" म्हणतो. वाढ म्हणायची तर या घरात सध्या फक्त डॉल्फिनची झाली आहे, आणि पत्र त्याबद्दलच आहे. फोन केला नाही, कारण आमच्या दोन खोल्यांत अम्मीला ऐकू जाणार नाही अशी जागा नाही, आणि माझे मेसेज ती माझ्याआधी वाचते. म्हणून हा कागद अब्बांचे सोबती जमालुद्दीनचाचा यांच्या बॅगेतून येतो आहे.

तुमच्याकडे राहून मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिली पदवीधर. त्याचा इथे असा परिणाम झाला आहे की शेजारच्यांचा एसी गळला तरी मला बोलावतात. (मी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं हे मी तीनदा सांगितलं. "मग काय झालं, ग्रॅज्युएट ना?" असं उत्तर मिळतं.) शिक्षणाचा उपयोग सृष्टीसाठी व्हावा अशी माझी इच्छा होती, म्हणून रास अल खैरजवळच्या किनाऱ्यावर डॉल्फिन मोजणाऱ्या स्वयंसेवकांत मी नाव दिलं. दर शनिवारी सकाळी उभं राहून पाहायचं, आणि कोणता डॉल्फिन कोणता ते ओळखायचं. डॉल्फिनच्या पाठीवर तिकोनी पर असतो, त्याच्या मागच्या कडेला खाचा असतात, आणि दोघांच्या खाचा कधी सारख्या नसतात. आमच्या प्रमुख डॉक्टर हेस्सा फार शिस्तीच्या आहेत. फॉर्म मात्र कुठल्यातरी थंड देशातून आणलेला आहे आणि तो सीलसाठी आहे. या समुद्रात सील नाहीत. "मिशांची लांबी" या रकान्यात आम्ही "लागू नाही" लिहितो, "वाळूवर झोपला होता का?" इथे "नाही" लिहितो, आणि फॉर्म पूर्ण भरल्याबद्दल आमचं कौतुक होतं.

अशी ओळख फोटो काढून पटवतात. पण शेजारी कारखाने असल्यामुळे तिथे कॅमेरा चालत नाही. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या धाहरानच्या आसावरीताईंनी हातभर लांब लेन्स बाहेर काढली आणि पहारेकरी "खलास, खलास" म्हणत धावत आला. तेव्हापासून आम्ही पेन्सिलीने चित्रं काढतो. माझी चित्रं पाहून डॉक्टरांनी अदबीने विचारलं की हा एकच डॉल्फिन बारा वेळा आला होता का. घरी अम्मीने तोच कागद पाहिला. "तीन वर्षं आपाने तुला सांभाळलं, आणि तू समोसे काढतेस?" म्हणाली, आणि पुढच्या शनिवारी चहाचा थर्मास घेऊन माझ्याबरोबर गाडीत बसली.

खाला, मेंदीवर तिचा हात तुम्हीच घडवलेला, मी काय सांगावं. पर पाण्याबाहेर दोन क्षण दिसतो. तेवढ्यात मेंदीच्या कोनासारखी एका दमात रेघ, उचलणं नाही, खोडणं नाही. डॉक्टर खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. अम्मी येण्याआधी आमच्या यादीत चौदा डॉल्फिन होते. दोन महिन्यांत त्रेचाळीस झाले. रियाधला ही बातमी गेली. पुढच्या महिन्यात तिथे कार्यक्रम आहे, अम्मीला प्रशस्तिपत्र मिळणार आहे, आणि आमंत्रणात तिच्या नावापुढे "चित्रकार" असं छापलं आहे. बावीस वर्षं तिच्या इकाम्यावर, इथे राहण्याच्या परवान्यावर, एकच ओळ आहे, की हिला काम करण्याची परवानगी नाही. अब्बांनी आमंत्रण लॅमिनेट करून फ्रिजवर लावलं आहे. पाणी प्यायला उठले की वाचतात. हल्ली त्यांना फार तहान लागते.

मागच्या शनिवारी पराचं टोक तुटलेला एक डॉल्फिन इतका जवळ आला की मीसुद्धा त्याला ओळखलं. अम्मीने चित्रात त्याचं टोक जोडून दिलं आणि खाली तीन खाचा घातल्या. मी म्हटलं, अम्मी, हे काय?

"मागच्या वेळी तुटकं काढलं होतं ना हिचं. तेच तेच काय काढायचं? एक नक्षी दुसऱ्यांदा नाही, आपाने काय शिकवलंय?"

म्हणजे त्रेचाळीस डॉल्फिन नाहीत. आहेत तेच पुन्हा पुन्हा नटून येत आहेत. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, खोटा आकडा रियाधला जाऊ देणं मला शक्य नाही. आणि फ्रिजवरचा कागद काढणंही शक्य नाही. पाच दिवस मी जेवणात मीठ आहे की नाही हे न कळता जेवते आहे.

मुन्नीला दुआ, तुमच्या कोंबड्यांना सलाम.

तुमची,
लाइबा

ता. क. खरं काम राहिलंच. तो नियम तुमचा आहे, तो तुम्हीच मागे घेऊ शकता. अम्मीला फोन करून सहज सांगा की आता तीच नक्षी पुन्हा काढलेली चालते. माझं नाव घेऊ नका.

ता. क. दुसरा, शनिवार रात्र. चाचांचं विमान उद्या आहे, म्हणून पत्र अजून माझ्याकडेच आहे. फोन करू नका. आज माझ्याच्याने राहवलं नाही. मी डॉक्टर हेस्सांना अम्मीसमोरच सगळं सांगून टाकलं आणि रडले. अम्मीने त्रेचाळीस कागद मागून घेतले, वाळूत बसून त्यांचे ढीग लावले, आणि दहा मिनिटांत म्हणाली, "अकरा आहेत. कोण कोणती ते ठाऊक नसेल तर नक्षी बदलणार कशी?" डॉक्टरांनी टोक तुटलेल्याचा ढीग तपासला. तारखा, जागा, बरोबरची पिल्लं, सगळं जुळलं. (आधीचे चौदाही चूकच होते. त्यांतले तीन मी वाढवलेले.) रियाधला अकराचाच आकडा जाईल, आणि अम्मीही जाईल. ठरलं इतकंच की तिने नक्षी हवी तशी काढावी, कागदामागे डॉल्फिनचा नंबर असावा. नंबर लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे.

ता. क. तिसरा. अम्मी म्हणते, तिच्याजवळच्या खाचा संपल्या. तुमची मेंदीची जुनी वही चाचांबरोबर पाठवा.