उशीला वाचा फुटली

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा नमस्कार, आणि आज जरा जास्तच वाकून, कारण मान वर करायची सोय उरलेली नाही. तुमचा गुडघा काय म्हणतो? अर्धांगाच्या झटक्यानंतर मामींचा उजवा हात आता हलतो असं आईकडून कळलं, फार बरं वाटलं. त्यांच्या बोलण्याविषयी आई काही म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. (धाडस झालं नाही. का, ते खाली येतंच आहे.)

फोनवर मी केवढी फुशारकी मारली होती, आठवतं ना? ओठांवर यायच्या आधीच शब्द मेंदूत पकडता येतो, मामींना घेऊन या, त्यांच्या मनातलं पडद्यावर दाखवतो, वगैरे वगैरे. तुमच्याकडून फक्त नाक ओढल्याचा आवाज आला. तेव्हापासून तो माझ्या कानातून जात नाही.

तर झालं असं. फिट येणाऱ्या माणसाच्या मेंदूवर आम्ही ऑपरेशनआधी तारांची एक पातळ पट्टी ठेवतो, फिट नेमकी कुठून सुरू होते ते शोधायला. पट्टीच्या एकेका ठिपक्याखाली लाखो पेशी. एकेकीची कुजबुज काही वेगळी कळत नाही. भरल्या घराचा कालवा बंद दाराबाहेरून ऐकावा, तसं सगळं एकत्र येतं. त्यातलं कुठलं कुणाचं, यावरून भलीभली माणसं हमरीतुमरीवर येतात. मला मात्र उत्तर सापडलं होतं! खाटेवर एक शिंपीकाका होते. मी शब्द वाचायचो, ते ऐकायचे, आणि पडद्यावर शब्दागणिक एक बारीक, भरभर हलणारी लहर उमटायची. मी साहेबांना छातीठोकपणे सांगून टाकलं की ही शब्द ओळखणाऱ्या पेशींचीच करामत. साहेबांनी सभा बोलावली. मी नवा शर्ट शिवायला टाकला (शिंपीकाकांच्याच दुकानात, त्यामुळे माझा शोध अख्ख्या गल्लीला कळला).

सभेच्या दिवशी सकाळी शिंपीकाकांना तपासणीला नेलं होतं. डोक्यातल्या पट्टीपासून यंत्राकडे येणारी तार सोडवून उशीवर ठेवलेली, यंत्र चालूच. मी रिकाम्या खोलीत भाषणाची तालीम करत होतो. सहज पडद्याकडे पाहिलं आणि पायाखालची जमीनच सरकली. तीच लहर! मी बोलतोय आणि उशी एकेक शब्द बिनचूक ओळखतेय. मी एक सणसणीत शिवी हासडली, तर तिला तीही कळली. माझ्याच आवाजाने तार थरथरत होती हो, मामा! इतके दिवस मी दुसऱ्याच्या मेंदूत डोकं खुपसून स्वतःचंच बोलणं ऐकत बसलो होतो. (हा कुणाचंच ऐकत नाही, असं आई म्हणतेच. आता पुरावा मिळाला.)

सभेत सगळं कबूल केलं. साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "शर्ट छान आहे." शिंपीकाकांचं मात्र काही बिघडलं नाही, फिटची जागा वेगळ्या नोंदींवरून सापडली, ऑपरेशनही नीट झालं. पेशी बोलतात हे खरंच आहे, फक्त मला अजून ते ऐकता येत नाही.

तुमचा,
जमिनीवर आलेला भाचा

ता. क. इकडे यायची तिकिटं काढली असतील तर रद्द करा. माझं यंत्र मामींच्या काही उपयोगाचं नाही. तुम्हाला उगाच आशेला लावलं, याचं फार वाईट वाटतंय.

आणखी एक ता. क. हे पत्र मामींना मोठ्याने वाचून दाखवा, उशीचा भाग जरा सावकाश. माझी फजिती झाली की त्यांना हसू आवरत नसे. आवाज फुटला नाही तरी चालेल. पोट हलतंय का तेवढं बघा आणि मला लगेच फोन करा.