फ्रिजवर बसलेला लवू

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप सौ. ताईस,
लवूचा शि. सा. न. वि. वि.

आज मी एका घोर अन्यायाची तक्रार नोंदवायला बसलोय. आमच्या हॉलमध्ये फ्रिजच्या वर एक प्लग पॉइंट आहे. गेली अकरा वर्षं त्यावर माझा एकट्याचा हक्क होता. माझा मोबाइल तिथे ऐटीत चार्ज व्हायचा, हेमांगीचा स्वयंपाकघरात मिक्सरशी भांडून. आजपासून तो हक्क संपला. तिथे कॅमेरा बसलाय आणि मी, वय वर्षं त्रेपन्न, घरातला कर्ता पुरुष, वॉशिंग मशीनच्या पॉइंटला मोबाइल लावून उभा असतो. उभाच, कारण वायर आखूड आहे.

पण तुझ्यापुढे कुरकुर करून उपयोग नाही. नोव्हेंबरात आई दुपारी एकटी असताना चक्कर येऊन पडली, तेव्हा तू काय म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे. शिमग्यापर्यंत मुदत. तोवर पुन्हा असं काही झालं तर भाऊजी येऊन आईला लांज्याला घेऊन जाणार. (फोनवर बोललेलं मी नंतर नाकबूल करतो, म्हणून आईचा विषय यापुढे कागदावरच, हा तुझा हुकूमही पाळतोय.) आईला यायचं नाहीये. चाळीस वर्षं ती गोडदेवात आहे, भाजीवालीपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांवर तिचा अंमल चालतो. मलाही तिला पाठवायचं नाहीये. आम्ही नवरा-बायको दोघं दिवसभर कामावर, म्हणून कॅमेरा.

दुकानदार म्हणाला, वायरलेस है, पाच मिनट का काम. वायरलेस म्हणजे वायर नसलेलं असा माझा समज होता, पण खोक्यातून सगळ्यात आधी वायरच निघाली. मग कळलं की आपलं वायफाय दोन प्रकारचं असतं, मंद आणि जलद. मी अर्थातच जलद निवडलं. कॅमेऱ्याला मंदच चालतं. हे माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर होतं आणि मी पहिल्या पानावरच तज्ज्ञ झालो होतो. शेवटी मोबाइलवर एक चौकोनी नक्षी आली, ती कॅमेऱ्याला दाखवायची. पस्तीस मिनिटं मी फ्रिजसमोर मोबाइल ओवाळत होतो. कॅमेऱ्यातली बाई इंग्रजीत सांगत होती की तिला काही दिसत नाहीये. मी तिला दोनदा मराठीत उत्तर दिलं. हेमांगी भाजी निवडता निवडता उठली, भिंगावरची निळी प्लास्टिकची फिल्म नखाने सोलून काढली आणि परत जाऊन बसली.

आईने विचारलं की हे नेमकं करतं काय. मी छाती काढून सांगितलं की आई, मीच फ्रिजवर बसलोय असं समज. फॅक्टरीतून दिवसभर मी तुझ्यासमोर. तिने फ्रिजकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पडशील, एवढंच म्हणाली.

तिळगूळ पोस्टात फुटतो म्हणून पाठवत नाही. गोड मात्र बोल, निदान संक्रांतीपुरतं. भाऊजींना नमस्कार. माया आहेच, ती अधूनमधून अक्षरातही दिसू दे.

तुझा,
लवू


लांजा, जि. रत्नागिरी
२० जानेवारी २०२५

चि. लवूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा प्लग गेल्याचं वाचून इथे आम्ही सुतक पाळलं. यांनी तर सकाळचा चहाही अर्धाच घेतला.

आता माझं ऐक. तुझा कॅमेरा पडणाऱ्या माणसाला धरतो का? धरत नाही. माणूस कसा पडला ते फक्त नंतर दाखवतो. हेमांगीचं डोकं ठिकाणावर आहे म्हणून तुमचं घर चाललंय, नाहीतर तू अजून फ्रिजला ओवाळत उभा असतास.

आईची साखरेची दुपारची गोळी साडेबाराची. गोळी घेतली की लगेच जेवायचं, उशीर झाला तर साखर उतरते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरांनी हे माझ्यासमोर सांगितलं, तू तेव्हा स्कूटर लावायला गेला होतास. डॉक्टर महत्त्वाचं बोलायला लागले की तुला नेहमी स्कूटर लावायची असते. एवढं यंत्र बसवलंयस तर एकच गोष्ट बघ, आई साडेबाराला जेवते की नाही. बाकी काही नाही बघितलंस तरी चालेल.

मुदत शिमग्यापर्यंतच आहे. ती मी वाढवणार नाही. रागावून लिहितेय असं वाटेल, तर तसंच वाचावं.

तुझी,
सुलूताई


भाईंदर
२९ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हेमांगीने मोठ्याने वाचलं. स्कूटरचं वाक्य दोनदा.

कॅमेरा उत्तम चाललाय. घरात काही हललं की मोबाइलवर घंटी वाजते. पहिल्या दिवशी त्रेचाळीस वेळा वाजली. त्यातल्या एकोणचाळीस वेळा खिडकीतलं कबुतर, तीन वेळा पडदा आणि एकदा आई. मी पॅकिंगमध्ये पातेली मोजत होतो, मोजणी चार वेळा चुकली. शेवटी धर्मेशभाईंनी, म्हणजे आमच्या सुपरवायझरनी, विचारलं की घर पे शादी है क्या. तेव्हापासून मी घंटी आणि आवाज दोन्ही बंद करून ठेवलेत.

पण बघतो. दिवसातून दोनदा बघतो. (कागदावर खोटं नको, एकदा.) जेवताना मोबाइल डब्याला टेकवून ठेवतो आणि आईकडे बघत बघत जेवतो. आणि काय सांगू, आईत केवढा फरक पडलाय! पूर्वी दुपारी घरातल्या जुन्या पातळात, केस सोडून, पाय खुर्चीवर घेऊन बसायची. आता पाहावं तेव्हा बाहेर नेसायचं पातळ, केस विंचरलेले, पाय खाली, ताठ बसलेली, नजर थेट माझ्याकडे. टेबलावर ताट झाकलेलं असतं. म्हणजे जेवण झालंय आणि खरकट्यावर माशी बसू नये म्हणून झाकून ठेवलंय. ही शिस्त आपल्या लहानपणी कुठे होती?

तेव्हा भाऊजींना सांग, शिमग्याला पालखीपुढे निवांत नाचा. इकडे यायची तसदी नको. तुझ्या शंकांना यंत्राने उत्तर दिलंय. आशीर्वाद चालू ठेव, टोमणे निम्म्यावर आण.

तुझा,
लवू


गोडदेव
६ फेब्रुवारी

चि. सौ. सुलूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

हात हलतो, अक्षर सांभाळून घे. हे पत्र शेजारच्या मंदाकडे टाकायला देतेय. लवूला कळवू नकोस.

लवूने फ्रिजवर तो डोळा बसवलाय. तिकडून दिवसभर माझ्याकडे बघत बसतो. पोर काम कधी करतो कोण जाणे. त्याची जेवणाची सुट्टी दोनला. आता तू सांग, समोर लेक उपाशी बसलेला असताना मी ताट ओढून कशी जेवू? घशाखाली उतरेल का? गोळी मी साडेबाराला घेते, त्यात चूक नाही करत. ताट वाढून झाकून ठेवते आणि थांबते. दोन वाजले की त्याला सांगते जेव रे आता, मग मी जेवते. दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. मंदाला हाक मारली, तिने साखरपाणी पाजलं, बरी झाले. तिलाही बोलू नकोस म्हणून शपथ घातलीय.

जरा आडवं पडायचं म्हटलं तर खोलीत गेले की त्याला दिसत नाही, तो घाबरेल. म्हणून खुर्चीतच बसते. कंबर धरते.

तुझ्याकडे यायला मन नाही असं नाही. पण तुझ्या घरी मी पाहुणी गं. पाहुणीला कुणी भांडं घासू देत नाही. इथे मी हेमांगीवर ओरडू शकते.

नातवंडांना पापे.

तुझी,
आई


लांजा
१३ फेब्रुवारी २०२५

लवू,

घरी पाठवलं तर आईच्या हाती पडेल, म्हणून फॅक्टरीच्या पत्त्यावर पाठवतेय. सोबत तिचं पत्र आहे. तिने तुला सांगू नको म्हटलंय, म्हणून मी काही सांगत नाही. तू वाच.

तुझ्या शिस्तीचं कौतुक नंतर करू. हे दहा मार्चला येतील. तिची बॅग भरून ठेव. मी चिडलेली नाही. रडून झालंय, आता भाकऱ्या भाजायच्यात.

सुलूताई


भाईंदर
२४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. साष्टांगच समज, जमिनीवरूनच लिहितोय.

तुझं पाकीट मी पॅकिंगच्या टेबलाशी फोडलं. आईचं पत्र एकदा वाचलं आणि डबा उघडलाच नाही. कॅमेऱ्याच्या कार्डात पंधरा दिवसांचं साठलेलं असतं. ते मी आवाज चालू करून पाहिलं. रोज तेच. साडेबाराला ती गोळी घेते, ताट वाढते, झाकते, बसते. दोन वाजता घड्याळाकडे बघते आणि माझ्याकडे, म्हणजे फ्रिजकडे, हात करून सांगते की लवू, जेव रे बाळा. मग पहिला घास. त्याआधीच्याच बुधवारी पावणेदोनला टेबलाची कड धरून ती बराच वेळ मान खाली घालून होती. मला हाक मारली नाही. मंदालाही नाही.

आता पुढचं ऐक, तुझ्याकडे जोडा हाताशी असेल तर बाजूला ठेव. आमची सुट्टी दोनला होती ती चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आता एकला असते. आईला सांगायचं राहून गेलं. म्हणजे रोज एक वाजता मी डब्यातली भेंडी चावत, मोबाइलवर माझ्या उपाशी आईकडे बघत, तिच्या टापटिपीचं कौतुक करत होतो. धर्मेशभाईंनाही दाखवलं. तेही व्वा म्हणाले.

आणि याहून लाजिरवाणं. फॅक्टरीपासून घर चालत चौदा मिनिटं आहे. मी मोजलं. कॅमेरा आणायला मी याच्या दुप्पट चाललो होतो. चार वर्षं मी त्या सुट्टीत डबा खाऊन रमी खेळत होतो, आणि तीही हरत. धर्मेशभाईंना सगळं सांगितलं. ते म्हणाले की उद्यापासून तुझी सुट्टी सव्वाबाराला, डिस्पॅच मी बघतो. गेल्या मंगळवारपासून मी घरी जेवतोय. आईने पहिल्या दिवशी दार उघडलं आणि नोकरी गेली का, असं विचारलं. खरं काय ते सांगितलं तेव्हा मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली की मग चार वर्षं डब्यात गार भेंडी का खाल्लीस, मूर्खा. मग आम्ही जेवलो. साडेबारा वाजून पाच मिनिटांनी.

कॅमेरा आहे अजून, पण नियम आईचे. मी बघायचं ते फक्त चारला, तिच्या चहाच्या वेळी, कारण तेव्हा तिला सोबत लागते. बाकी वेळ त्याच्यावर माझा रुमाल असतो आणि ती पाय वर घेऊन बसते किंवा आत जाऊन झोपते. मला काही दिसत नाही. शनिवारी डॉक्टरांकडे गेलो. स्कूटर हेमांगीने लावली, मी आत होतो. साखर ठीक आहे. कागद सोबत जोडलाय.

आता तुझा निर्णय. मुदतीच्या आत आईला तीनदा अंधारी आली, म्हणजे मी हरलो. कागदावर कबूल करतोय. भाऊजी आले तर मी आडवा येणार नाही. पण हे सगळं मी आईसमोर बोललो तेव्हा तिने परस्पर निकाल दिला. ती शिमग्याला येणार, पालखी बघणार, आठ दिवस राहणार आणि नवव्या दिवशी परत येणार. परतीचं तिकीट आधी हातात ठेवल्याशिवाय ती घरातून पाऊल काढणार नाही. दोन्ही तिकिटं काढलीत. बॅगेत पातळं चार आणि गोळ्या नऊ दिवसांच्या. पाचवं पातळ मी ठेवलं तर तिने काढलं. तुला ती तिथेच ठेवून घ्यायची असेल तर तिच्याशी तूच बोल. मी तुमच्या दोघींच्या मध्ये पडणार नाही, मला जगायचंय.

तिला भांडी घासू दे, ताई. एवढं माझ्यासाठी कर.

अपराध पोटात घाल, माया बाहेर राहू दे.

तुझा,
लवू

ता. क. मंदाचे आभार मानायला गेलो होतो. साखरपाण्याचं काय एवढं, म्हणून तिने मला दारातूनच परत पाठवलं. उतरताना वॉचमन म्हणाला की जानेवारीत टाकीत पाणी चढवायच्या पंपाची आठवडाभराची पाळी आमच्या घराची होती तेव्हाही मंदाताईच पहाटे पंप लावत होत्या, आणि मी सात दिवस पाणी आपोआप वर चढतं असं समजून झोपलो होतो. हा आठवडा तिचा आहे. आज पहाटे साडेपाचला मी खाली जाऊन पंप लावला आणि टाकी भरेपर्यंत जिन्यात बसून हे पत्र पुरं केलं. तिला सांगितलेलं नाही. तिने तरी मला कुठे सांगितलं होतं?