उजव्या पिंजऱ्यातले उंदीर

३ मार्च
प्रयोग सुरू. डावीकडच्या उंदरांना खाण्यातून पोषक पावडर, उजवीकडच्यांना नुसतं साधं खाणं. मग दोघांनाही जबर इन्फेक्शन द्यायचं आणि पावडरीने जीव वाचतो का बघायचं. ही पावडर आयसीयूतल्या पेशंटपर्यंत न्यायची म्हणून आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी उभी कारकीर्द घातलीय. संकल्प : या खेपेला उंदरांना जीव लावायचा नाही. मी शास्त्रज्ञ आहे.

६ मार्च
उजवीकडचा एक सारखा माझ्याकडे बघतो. गोटू. (नाव नव्हे, नुसती खूण.)

९ मार्च, रात्री
उजव्यांनी काय घोडं मारलंय? आजारी दोघांनी पडायचं आणि खुराक एकालाच? जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, मला ताप आला तेव्हा साधी पेज केली नाहीस, उंदरांसाठी बरा जीव तुटतो.

१० मार्च
उजव्यांच्या खाण्यात चिमूटभर पावडर टाकली. आजच्यापुरती. चिमटीने काय होतंय! विज्ञान एवढं लेचंपेचं नसतं.

१४ मार्च
आजही आजच्यापुरतीच. चिमूट जरा मोठी पडली. माझी बोटंच जाड आहेत.

१८ मार्च
इन्फेक्शन दिलं. गोटूच्या वेळी सुई दोनदा चुकली. मॅडमना सांगितलं, चहा जास्त झाला.

२१ मार्च
डावे-उजवे, जवळजवळ सगळे तरले! गोटू तर कुरतडतोय! उडीच मारणार होतो, तेवढ्यात मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, पावडरीशिवायचेही जगले, म्हणजे पावडरीत काही दम नाही. उद्या सांगतोच.

२२ मार्च
मॅडमचे डोळे सुजलेले. अशा माणसाला आणखी त्रास देणं बरं दिसत नाही. उद्या.

२४ मार्च
बायकोला सांगितलं. म्हणाली, उंदरांची दया आली, त्या बाईची नाही आली? लाज वाटली. खरंच वाटली. सकाळी पहिलं काम तेच.

२५ मार्च
केबिनच्या दारापर्यंत गेलो. मॅडमच बाहेर आल्या. मन मानत नाही म्हणाल्या. साधं खाणारेही जगले म्हणजे इन्फेक्शनच कमी पडलं असणार. प्रयोग पुन्हा करायचा, डोस वाढवून, दुप्पट उंदरांवर. उजवे पिंजरे माझ्याकडे, कारण माझ्याइतकं शिस्तीने कुणी सांभाळत नाही म्हणे. मी हो म्हणालो.

प्रयोग संपला की वाचलेल्यांनाही मारतात, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. दुपारी त्यांचे रिकामे झालेले पिंजरे धुऊन नव्यांसाठी मांडले. मीच.