पूर्वाच्या बोलण्याची मुदत

१९ एप्रिल २०२०, रविवार. अमरावती
मेसचा मोठा कुकर माळ्यावर टाकला. कॉलेजची पोरं गावी गेली त्याला महिना होत आला. जेवणारी आता दोनच, मी आणि पूर्वा. हे अकोल्याला दालमिलमध्येच अडकले. जिल्ह्याची हद्द बंद.
संध्याकाळी यांचा व्हिडिओ कॉल. पूर्वानं टॅबवर तीन चित्रं दाबली. पप्पा. घर. कवा. हे म्हणाले, "येतो वं बाई, लवकर येतो." मग उगाच खोकले.

२२ एप्रिल, बुधवार
टॅबवर इंग्रजीत लाल पट्टी आली. तायडे मॅडमना, म्हणजे पूर्वाच्या स्पीच थेरपीच्या बाईंना, फोटो पाठवला. त्यांचा फोन आला. "ॲपची वर्गणी गेली नाही. पंधरा दिवसांत भरली नाही तर बंद करतील."
"आणि आपण भरलेले शब्द?"
"ते विचारावं लागेल."
चार वर्षांचे शब्द. प्रत्येक चित्रामागं माझा आवाज. ॲपमधली बाई 'मला पाहिजे' म्हणायची, तेव्हा पूर्वा भिंतीकडं पाहायची. मी 'मले पायजे' भरलं, त्या दिवशी दिवसभर तेच दाबत बसली. नऊ वर्षांची आहे. सगळं ऐकते, सगळं समजते, फक्त तोंड साथ देत नाही. टॅब बंद म्हणजे...

२४ एप्रिल, शुक्रवार
यांना सांगितलं. "माह्या मोबाईलचं रिचार्ज राहू दे, ते भर."
मी म्हटलं, मग ती बोलणार कोणाशी? दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.
मॅडम म्हणतात, साथीत अडचणीत आलेल्यांना कंपनी सवलत देतेय. अर्ज करायचा, कारण लिहायचं. मला ते नको वाटतं. चाळीस पोरांना वाढणारी बाई मी, हात पसरायची सवय नाही.
हे म्हणाले, "हात पसरून नाही राह्यली तू. सांगून राह्यली."

२७ एप्रिल, सोमवार
अर्ज पाठवला. इंग्रजी मॅडमनी करून दिलं. 'अडचण थोडक्यात लिहा.' तीनदा लिहून खोडलं. शेवटी एवढंच: मेस बंद आहे. मुलगी या ॲपनं बोलते. तिचं बोलणं थांबू नये.

२ मे, शनिवार
उत्तर आलं. उत्पन्न थांबल्याचा पुरावा जोडा. कुठून आणू? मेसला साधी पाटी नाही. टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांचा फोटो काढला, तोच पाठवला. पूर्वा मागं उभी. काय. करते. आई. म्हटलं, पुरावा. हा शब्द टॅबवर नाही तिच्या.

८ मे, शुक्रवार
सकाळी टॅब उघडला तर सगळी चित्रं करडी. आवाज नाही. पूर्वानं 'पाणी' दहा-बारा वेळा दाबलं. मग माझं बोट धरून त्याच्यावर दाबलं. मीच म्हणाले, "पाणी पायजे?" तिनं जोरात मान हलवली. नाही. ग्लास दिला तर लोटून दिला. तिला ते स्वतः म्हणायचं होतं.
जुन्या वहीत चित्रं चिकटवून दिली. फेकली.
संध्याकाळी हे एकटेच बोलत राहिले. ती नुसती बघत होती. फोन ठेवल्यावर मी मोरीत जाऊन भांडी घासली, घासलेलीच.

९ मे, शनिवार
दुपारी अनोळखी नंबर. कंपनीतून, फरहीन नावाची मुलगी. हिंदीत बोलली. "दीदी, कुर्सियों वाला फोटो मैंने देखा." अर्ज तिच्याकडंच होता, पण तारीख संपली म्हणून मशीननं आपोआप बंद केलं. माफी मागत होती. "छह महीने कुछ नहीं भरना है. शाम तक चालू हो जाएगा."
"और आवाज?"
"एक भी नहीं गई."

पाचला चालू झालं. पूर्वानं पहिलं काय दाबावं? काहून. परत, काहून. समोर बसवून सगळं सांगितलं, वर्गणी, अर्ज, मशीन. शांतपणे ऐकलं. मग, मले. राग. आला. सहा-सात वेळा. खुशाल येऊ दे म्हटलं.

२१ जून, रविवार
हे आले! पास काढून, डाळीच्या ट्रकमध्ये बसून. चौदा दिवस पुढची खोली. पूर्वा दाराबाहेर पाट टाकून बसते, टॅबचा आवाज फुल्ल. गल्लीत ऐकू जातं.
फरहीनचा परत फोन. मोर्शीकडच्या एका घरी असंच लेकरू आहे, त्याला पुस्तकी मराठी नको. तुमचे शब्द त्यांना देऊ का? मी हो म्हणणार तेवढ्यात हे दारातून म्हणाले, "तिले विचार. बोलणं तिचं हाय."
विचारलं. पूर्वानं टॅब जवळ ओढला, दाबलं, माहा. आवाज. मग, दे.

१ नोव्हेंबर, रविवार
सहा महिने संपत आले. पुन्हा अर्ज. यावेळी एकच प्रश्न: परिस्थिती सुधारली का? हो, नाही. दोन चौकोन.
मेस बंदच आहे. पण दवाखान्यातल्या चार नर्सबाया डबा नेतात, पाचवी परवा विचारून गेली. यांची मिल पुन्हा सुरू, तीही पूर्ण पगारावर, असं म्हणतात तरी. हो म्हटलं तर सवलत जाईल. नाही म्हणायला जीभ रेटत नाही.
हे म्हणाले, "नाही लिहून दे. कोण पाहून राह्यलं?"
पूर्वा शेजारीच होती. तिला वाचून दाखवलं. आपलं बरं चाललंय का गं आता? तिनं पानं उलटली, शोधलं, दाबलं.
थोडं.
दोन्ही चौकोन रिकामे ठेवले. खाली शेरा लिहायच्या जागी लिहिलं: थोडं सुधारलं. अर्धी वर्गणी भरू शकते. अर्धी घेता का?
पाठवलं. आज रविवार, उत्तर नाही यायचं.