रिकाम्या खोल्यांची चित्रं

४ फेब्रुवारी

प्रिय ठकूवन्सं,

स.न.वि.वि. ‘वन्सं’ म्हटलेलं तुला आवडत नाही, म्हणूनच म्हणते. महिनाभर उत्तर दिलं नाही म्हणून तू तिकडे नाक फुगवून बसली असशील. बस. मी इथे एका पलंगापायी हैराण झाले आहे.

चष्म्याच्या दुकानातली नोकरी संपल्यापासून मागची खोली मी चित्रांसाठी घेतली, हे तुला माहीतच आहे. सध्या तिथे एका आलिशान हॉटेलातली खोली रंगवते आहे. उंच खिडकी जमली, जाड पडदे जमले, दोन माणसांचा ऐसपैस पलंगही जमला. चादर काही केल्या जमत नाही. नुसता पांढरा लावला की पलंगावर खडूचा चुरा सांडल्यासारखा वाटतो, आणि जरा राखाडी मिसळला की चादर मळकी. तुझा जन्म हॉटेलातल्या चादरी बघण्यात गेला. तूच सांग, चांगली चादर नेमकी कुठल्या रंगाची असते? चित्राचा फोटो सोबत घातलाय.

या बाईला रिकाम्या खोल्यांचा एवढा सोस कसला, असं तू विचारशील. मलाही कळत नाही गं. कपाटात सहलींच्या पुस्तिकांचा गठ्ठा आहे, त्यातल्या एका रेल्वेगाडीवर माझा जीव जडलाय. नऊ दिवसांचा प्रवास, आपली स्वतःची लाकडी भिंतींची खोली, टेबलावर ताजी फुलं, आणि रोज सकाळी खिडकीत वेगळाच मुलूख. ते पान उघडलं की छातीत धडधडतं. मिटलं की सबंध संध्याकाळ मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते, कशात म्हणून मन लागत नाही.

तुझे दादा ठीक आहेत. म्हणजे आहेत तसेच आहेत. चार वर्षांपूर्वी भर बाजारात चक्कर येऊन पडले, तेव्हापासून त्यांनी जे घर धरलंय ते धरलंय. काही झालेलं नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं आणि परवाही सांगितलं. पण जन्मभर लिफ्ट तपासण्याची नोकरी केलेला माणूस, त्याला कुठली वस्तू कुठे तुटेल याशिवाय दुसरं काही सुचत नाही. आता लिफ्ट नाहीत, तर माझी तपासणी चालते. मी भाजी आणायला गेले तर दारात खुर्ची टाकून बसतात. जरा उशीर झाला की चेहरा पांढराफटक. रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

चादरीचं लवकर कळव. लोभ तुझा आहेच, उत्तराचा तेवढा आळस करू नकोस.

तुझी वहिनी


१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सा.न.वि.वि. मोठी आहेस म्हणून साष्टांग लिहिला. प्रत्यक्षात वाकायला सांगू नकोस, गुडघ्यांनी राजीनामा दिलाय.

चादर निळी असते. आमच्या धुलाईतून येते तेव्हा तिच्यात निळसर झाक असते. दिव्याखाली ती पिवळी पडते आणि खिडकीजवळ पुन्हा निळी होते. मधल्या पट्ट्यात काय होतं ते तू शोध, त्याचा पगार मला मिळत नाही.

तुझं चित्र मी आमच्या मजल्यावरच्या मुलींना दाखवलं. एक म्हणाली की ही खोली आपण आताच आवरली आहे, पाहुणा अजून यायचाय. मला नेमकं तेच खुपत होतं. माणूस राहून गेलेली खोली मी दारातूनच ओळखते. कितीही सावरून गेला तरी पलंगाच्या कडेला तो बसल्याचा खळगा राहतोच. तुझ्या पलंगावर अजून कोणी टेकलेलंसुद्धा नाही.

आता कामाचं. मला इथे पंचवीस वर्षं झाली म्हणून हॉटेलने सगळ्यात वरच्या मजल्यावरचा सूट दोन दिवसांसाठी देऊ केलाय. स्वतः राहा नाहीतर घरच्यांना बोलवा, असं म्हणाले. मी तिथे राहून काय करणार? पडद्यावरची धूळ शोधत बसेन आणि सकाळी उठून स्वतःच पलंग आवरेन. घरी मी माझा पलंग आवरत नाही, तेवढीच माझी चैन. तेव्हा तू ये. दादाला विचार. नाही म्हणेल, तरी विचार. आणि नाही म्हणाला तर एकटी ये. एवढ्या खोल्या रंगवल्यास, एकीत तरी पाय ठेव.

वाट बघते. आली नाहीस तर सूट कुणा परक्याला देईन आणि चादरीचा रंग चुकीचा सांगितला होता असं कळवीन.

तुझी ठकू


१७ मार्च

प्रिय ठकू,

स.न.वि.वि. सुखरूप पोचले. आज ‘वन्सं’ नाही, आज माझ्यावर तुझे उपकार आहेत.

मी निघाले कशी, ते तुला समोरासमोर नीट सांगताच आलं नाही. मी यांना सूटचं विचारलं. यांनी उलट विचारलं की हॉटेलची लिफ्ट कुठल्या बनावटीची आहे. मला ठाऊक नाही म्हटल्यावर उठून गॅलरीत गेले, आणि तिथूनच पाठमोरे राहून म्हणाले की तू जाऊन ये. शेजारच्या शिंपीणबाईंना दोन्ही वेळा डोकवायला सांगून मी निघाले. वाटभर डोळ्यांसमोर दारातली ती खुर्चीच होती.

पण तू मला खोलीत सोडून गेलीस आणि दार मिटलं, तेव्हा काय झालं सांगू? मी हसले. एकटीच, मोठ्याने, वेड लागल्यासारखी. असल्या श्रीमंतीत काही राम नाही, असं सगळे सांगतात. मला तरी तसं वाटलं नाही बाई. सगळं माझ्या कल्पनेपेक्षा सरस होतं. टबात बोटं सुरकुतेपर्यंत पडून राहिले. चहा मागवला, तो दुसऱ्या कुणीतरी ओतून दिला, म्हणून पुन्हा मागवला. पलंगाच्या कडेला बसले, उठले, वळून माझाच खळगा पाहिला आणि तिथल्या तिथे तो कागदावर उतरवला. तुझा निळाही सापडला.

लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या दोन दिवसांत मला यांची आठवण झाली ती फक्त यांचा फोन वाजला की. आणि घरी परत आले तर छत हातभर खाली आल्यासारखं वाटलं. यांनी सगळी भांडी घासून पुसून ओळीने मांडून ठेवली होती, स्वतः मात्र नीट जेवले नव्हते. दया यायला हवी होती, मला राग आला. कुणावर, ते कळत नाही. तेव्हापासून मी मागच्या खोलीतच असते. चित्र भराभर पुढे जातंय आणि माझं मन मात्र जागेवर नाही.

हे सगळं वाचून मला फार वाईट समजू नकोस. थोडी समजलीस तरी चालेल, माया मात्र तीच ठेव.

तुझी वहिनी


२ एप्रिल

चि. ठकू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सहसा पत्र लिहीत नाही. हे लिहिल्याचं वहिनीला सांगू नकोस.

परवा ती रंग आणायला गेली होती. वारा सुटला म्हणून मी मागच्या खोलीची खिडकी लावायला आत गेलो. तिच्या चित्रांच्या खोलीत मी आजवर गेलो नव्हतो. चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. एकेक वळवून पाहिलं. सगळ्या खोल्याच आहेत. पलंग, खुर्च्या, दिवे. माणूस कुठेच नाही. चित्रं टेकवायच्या लाकडी घोडीवरचं नवं चित्र मात्र अजून ओलं होतं. त्यात मोठा पलंग आहे, एका कडेला कोणी बसून उठल्यासारखा खड्डा आहे, आणि दुसरी बाजू सपाट आहे. टेबलावर कप एकच. खाली चपलांचा जोड एकच.

ठकू, मी लिफ्टचा माणूस, चित्रातलं मला काही कळत नाही. पण एका माणसाचा भार आणि दोन माणसांचा भार यातला फरक मला कळतो.

हिला मला सोडून जायचं आहे का? तुझ्याकडे आली होती तेव्हा काही बोलली का? खरं काय ते लिही.

मी कसा झालोय ते मला दिसत नाही असं समजू नकोस. दारात बसतो तेव्हा मला रस्ता दिसत नसतो. ती पडलेली दिसते, नाहीतर मी. हे तिला सांगितलं तर तीही घाबरेल, म्हणून गप्प बसतो. आणि गप्प बसल्यामुळे काय झालं, ते त्या पलंगावर दिसलं.

तब्येतीला जप. जिने चढू नकोस, गुडघे सांभाळ.

तुझा दादा


९ एप्रिल

ती. दादास,

शि.सा.न.वि.वि. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. तुम्हा दोघांत मला पोस्टमन व्हायचं नाही, पोस्टमनला निदान गणवेश तरी मिळतो. तूच तिला विचार. आजच विचार. लिफ्टची तपासणी तू कधी बाहेरून सही करून उरकली नाहीस, आत उभा राहून वर-खाली गेलास. तसाच त्या खोलीत जा.

एक मात्र सांगते. वाईट वाटेल म्हणून लिहीत नव्हते. वहिनीला सूटमध्ये सोडून मी बाहेर आले आणि ट्रॉली ढकलायला लागले, तेवढ्यात मागून तिचं हसणं ऐकू आलं. मी थांबले. तुमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचं तसं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आपल्या घरात ते का ऐकू आलं नाही, याचा विचार मीही करते आहे. तू एकटाच गुन्हेगार नाहीस.

रागावलास तर राग पत्रातूनच कळव, फोनवर तू नुसता श्वास घेतोस.

तुझी ठकू


२२ एप्रिल

प्रिय ठकू,

स.न.वि.वि. यांनी तुला पत्र लिहिलं होतं, ते यांनीच सांगितलं. त्यावरून मी तुझ्यावर चिडायचं ठरवलं होतं, पण सवड मिळाली नाही.

मी घोडीपुढे उभी होते, हातात ब्रश होता. हे आत आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. थेट विचारलं की तुला मला सोडून जायचं आहे का. ठकू, त्या वेळी काहीतरी गोड बोलून मोकळं व्हायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण यांचा आवाज इतका साधा होता की खोटं बोलवेना. मी सांगितलं की सोडून जायचं मनात नाही. पण चित्रात तुम्हाला घेता येत नाही. चित्रातल्या खोलीत तुम्हाला बसवायला गेले की माझं लक्ष तुमच्या चेहऱ्याकडे लागतं, आता घाबरलात का, मग घाबराल का, आणि हात थांबतो. म्हणून खोल्या रिकाम्या ठेवते. हे बरं म्हणाले आणि बाहेर गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रेल्वेची पुस्तिका घेऊन आले. बारीक अक्षरांतल्या अटींसकट सगळी वाचली होती. मला विचारलं की तिकीट का काढलं नाहीस. मी विचारलं, कोणाबरोबर जाऊ? तर म्हणाले की एकटी जा. मी आलो तर तू नऊ दिवस खिडकी सोडून माझ्याकडे बघत बसशील.

दुकानातल्या नोकरीचे साठवलेले होतेच. मी तिकीट काढलं. चौदा मेला निघायचं. आणि आता गंमत ऐक, मला भीती वाटते आहे. डबा घसरेल, आजारी पडेन, जेवणाच्या टेबलावर कुठला चमचा उचलायचा ते कळणार नाही. इतकी वर्षं यांची भीती मोठी म्हणून माझी तिच्या मागे लपून बसली होती की काय, कोण जाणे. अडवणारं कोणी राहिलं नाही आणि पायच निघत नाही.

मी नसताना यांना मधूनमधून फोन कर. आणि जाऊ नकोस असं मला चुकूनही लिहू नकोस, मी लगेच ऐकेन.

तुझी घाबरट वहिनी


१५ मे

चि. ठकू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल वहिनी गेली. कसं झालं ते सविस्तर लिहितो, कारण ती तुला तिखटमीठ लावून सांगेल.

तिला पोचवायला मी स्टेशनवर गेलो. चार वर्षांत एवढी गर्दी पाहिली नव्हती. तिच्या बॅगेचा पट्टा धरून चालत होतो. पांढरे हातमोजे घातलेल्या सेवकाने खोली बघायला या म्हणून मलाही आत घेतलं. खोली लहान आहे, पण काम पक्कं आहे. बिजागऱ्या पितळी, दार बंद करताना आवाज होत नाही. आम्ही बसलो. पोचवायला आलेल्यांनी उतरावं, अशी सूचना झाली. मला उठता येईना. प्रेमाने नाही, हे तुला खरं सांगतो. खिडकीतून ती गर्दी दिसत होती आणि तिच्यातून एकट्याने बाहेर पडायचं होतं. तेवढ्यात गाडी हलली.

वहिनी आधी पांढरी पडली आणि मग हसायला लागली. तू लिहिलं होतंस ते हसणं हेच असावं. सेवक धावत आला, वरिष्ठाला घेऊन आला. पहिल्या थांब्यावर मला उतरवायचं ठरलं. तो दोन तासांवर होता. वहिनीने दोघांसाठी चहा मागवला. ती बाहेर बघत होती. मी किती वेळ तिच्याकडे पाहत होतो, तिने एकदाही वळून माझा चेहरा तपासला नाही. मग मीही बाहेर पाहिलं. एक नदी होती, पाणी थोडं होतं.

थांबा आल्यावर मी उतरलो. खाली उतरून वळलो तर ती दारात बॅग घेऊन उभी. मीही उतरते, तुम्हाला घरी सोडते, मग पुढचं बघू, म्हणाली. एक पाय पायरीवर होता. मला हो म्हणायचं होतं. ठकू, मला फार हो म्हणायचं होतं. मी तिच्या हातातून बॅग घेतली आणि वर तिच्या पायाशी ठेवली. आत जा, म्हणालो. गाडी सुटली.

अनोळखी गाव. मी फलाटावरच्या बाकावर बसलो. छाती धडधडत होती, घाम फुटला होता, आता पडणार असं वाटलं. कोणी विचारलं नाही आणि मी पडलो नाही. बराच वेळ पडलो नाही. मग उठून बस कुठून सुटते ते एका बाईंना विचारलं.

बसमध्ये जागा नव्हती. अर्ध्या वाटेत वहिनीचा फोन आला. जेवणाच्या डब्यात झुंबर आहे, समोर एक म्हातारं जोडपं बसलंय, आणि बाहेर सूर्य मावळतोय, तो रंग काही केल्या लक्षात राहणार नाही, असं बरंच काही सांगत होती. मध्येच थांबली आणि तुम्ही ठीक आहात ना, म्हणून विचारू लागली. एका हातात वरची दांडी होती, बस वळणावर होती आणि समोरच्या माणसाची पिशवी माझ्या पोटात रुतत होती. मी म्हणालो की हात मोकळा नाही, ठेवतो. आणि ती काही बोलायच्या आत फोन मीच बंद केला.

पत्र मोठं झालं. सवडीने वाच, आणि सवडीनेच उत्तर दे, घाई नाही.

तुझा दादा